सिमेंट लवकर घट्ट झालं, तर आधी पाणी ओतू नका

मी धाराशिवहून बोलतोय. घरबांधणीची कामं बघतो. आज एका तक्रारीवर बोलू: सिमेंट वेळेआधी घट्ट होतं, किंवा होतच नाही.

उमरगा तालुक्यातलं काम होतं. मे महिना, सकाळी सातला स्लॅब सुरू केला. पहिलाच माल पाच मिनिटांत घट्ट! मिस्त्री म्हणाले, "साहेब, माल चालंना. बादलीभर पाणी घालू का?" मी म्हटलं, "थांबा मामा, आधी घमेल्याला बाहेरून हात लावून बघा. गरम लागतंय का?" घमेलं गार होतं. पाणी न घालता मिक्सर दोन मिनिटं फिरवला, आणि माल पुन्हा मऊ झाला.

असं का होतं? क्लिंकर दळताना त्यात जिप्सम घालतात. ते नसेल तर सिमेंटमधलं ॲल्युमिनेट पाणी लागताच घट्ट होईल. पण दळताना गिरणी फार तापली, की जिप्सममधलं पाणी उडतं आणि त्याचं प्लास्टर ऑफ पॅरिस बनतं. पाणी मिळालं की ते आधी घट्ट होतं. हा झाला खोटा सेट. फिरवला की मोडतो, ताकद जात नाही.

पण घमेलं चांगलंच तापलं आणि फिरवूनही माल मऊ होईना, तर जिप्समच कमी पडलंय. तो माल फेकायचा. त्या गोण्या बाजूला ठेवून प्रयोगशाळेत तपासून घ्यायच्या. आपल्या मानकाप्रमाणे सिमेंट सेट व्हायला सुरुवात ३० मिनिटांच्या आत होता कामा नये, आणि ६०० मिनिटांत ते पूर्ण सेट व्हायला हवं.

आता उलटा प्रकार. त्याच कामावर एका कॉलमचा माल दुसऱ्या दिवशीही नखानं उकरत होता. सगळे सिमेंटला शिव्या देत होते. शेवटी मी पाण्याचा ड्रम हुंगला. गोडसर वास! ड्रम गुऱ्हाळावरून आणलेला, तळाला काकवी. साखर सिमेंटला सेट होऊ देत नाही. ५० किलोच्या गोणीला २५ ग्रॅम साखर गेली तरी काही तास उशीर होतो, जास्त गेली तर काम बंदच पडतं. तो कॉलम आम्ही फोडून पुन्हा भरला. खर्च माझ्या अंगावर आला, कारण ड्रम मी तपासला नव्हता. आपला जिल्हा उसाचा, म्हणून सांगतोय.

आता पाण्यावर माझा एवढा जोर का? एका गोणीला २५ लिटर पाणी म्हणजे प्रमाण ०.५. वर पाच लिटर ओतलं की ०.६. माल सरसर चालतो, पण पुढे पोकळ राहतो आणि ताकद घटते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. किल्लारी, सास्तूर... मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर पडल्या. त्यानंतर आपण सिमेंटवर विश्वास टाकला. पण जास्तीच्या बादलीनं कॉलम कमजोर केला, तर तो विश्वास फुकट.

तेव्हा हात लावा, फिरवून बघा, ड्रम हुंगा. बादली सगळ्यात शेवटी, आणि तीही मापानं.

आजच्यापुरतं एवढंच. पुन्हा भेटू. नमस्कार.