बावन्न हजारांची वाडी



वाडी म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? पंचवीस-तीस घरे, एक विहीर, एक देऊळ, फार तर चौथीपर्यंतची शाळा. वाडीला स्वतःची ग्रामपंचायत नसते. तिचा कारभार शेजारच्या मोठ्या गावातून, गट ग्रामपंचायतीतून चालतो. दिवा लागला नाही किंवा नळ आटला, तर वाडीचा माणूस त्या गावी जातो, सरपंचाची वाट बघत बसतो आणि परत येतो. हे आपल्या परिचयाचे आहे.

आज मी तुम्हांला ज्या वाडीची ओळख करून देणार आहे, ती सुमारे ५२ हजार माणसांची आहे. ती अमेरिकेत आहे, न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला पंचवीस-तीस मैलांवर, लाँग आयलंड नावाच्या लांबट बेटावर. तिचे नाव लेविटाउन. नावात 'टाउन' आहे, पण कायद्याने ती ना शहर, ना गाव. तिला महापौर नाही, नगरपालिका नाही. न्यूयॉर्क राज्यात अशा वस्तीला 'हॅम्लेट' म्हणतात आणि गंमत अशी की, या शब्दाची कायद्यात व्याख्याच नाही. लोक म्हणतात म्हणून ती वस्ती. टपालावर नाव येते म्हणून ती वस्ती.

ही जमीन पूर्वी शेतीची होती, बटाट्याची शेते. सपाट माळ, त्यात पाइनच्या झाडांचा एक झुबका लांबून बेटासारखा दिसे, म्हणून या भागाला आयलंड ट्रीज, झाडांचे बेट, असे सुंदर नाव पडले होते. १९४१ साली जवळच्याच हिक्सविल येथे बटाट्याच्या मुळांना लागणारी एक सूक्ष्म कीड सापडली. सोनेरी सूत्रकृमी तिचे नाव. ही कीड एकदा जमिनीत शिरली की वर्षानुवर्षे निघत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने जमीन आजारी पडली. आजारी जमिनीला गिऱ्हाईक मिळाले तर कोण सोडील? ज्यांच्या शेतात असा रोग येऊन गेला आहे, त्यांना ही मनःस्थिती मी सांगायला नको.

गिऱ्हाईक आले ते घरे बांधणारे. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि लक्षावधी सैनिक घरी परतले. पण घरी म्हणजे कुठे? घरेच नव्हती. नवीन लग्न झालेली जोडपी आईबापांच्या एका खोलीत, कोणी लष्कराच्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत राहत होती. लेविट आणि पुत्र या पेढीने हे हेरले. वडील अब्राहम यांना झाडापेडांची हौस, धाकटा मुलगा आल्फ्रेड नकाशे काढी आणि थोरला विल्यम व्यवहार बघे. ७ मे १९४७ रोजी त्यांनी दोन हजार भाड्याची घरे बांधण्याचे जाहीर केले. दोन दिवसांत त्यांतली निम्मी घरे भाड्याने गेली देखील! अजून पायासुद्धा खणला नव्हता.

पाया खणायचाच नव्हता, हीच खरी मेख. घराखाली तळघर असलेच पाहिजे असा त्या भागाचा नियम होता. लेविटांना तळघर नको होते. जमिनीवर काँक्रीटचा ओटा ओतायचा, त्यातच गरम पाण्याच्या तांब्याच्या नळ्या घालायच्या आणि वर घर उभे करायचे, असा त्यांचा बेत. नियम बदलण्याचा अधिकार हेम्पस्टेड टाउनच्या मंडळाला होता. टाउन म्हणजे तिथे शहर नव्हे; आपल्या तालुक्यासारखा अनेक गावांना पोटात घेणारा प्रदेश समजा. त्याच मे महिन्यात शेकडो माजी सैनिक सभागृहात गर्दी करून उभे राहिले आणि नियम बदलला गेला. जे लोक अजून राहायलाही आले नव्हते, त्यांनी आपले पहिले काम ज्या कचेरीत करून घेतले, त्याच कचेरीत आजही त्यांना जावे लागते. पण ते पुढे सांगतो.

१ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिली कुटुंबे राहायला आली. घर पंचवीस फूट रुंद, तीस फूट लांब. दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, बैठक आणि वर अर्धवट सोडलेला माळा. प्लॉट साठ फूट बाय शंभर फूट, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेपाच गुंठे. भाडे महिना ६० डॉलर. बांधण्याची रीत अशी की, घर जागेवर आणि माणसे फिरती. सगळ्या कामाचे सव्वीस-सत्तावीस तुकडे पाडले होते. एक टोळी नुसता ओटा ओती, दुसरी चौकट उभी करी; एकजण फक्त पांढरा रंग देई आणि पुढच्या घराकडे चालू लागे. १९४८ च्या उन्हाळ्यात दिवसाला तीस घरे पुरी होत होती. १९५१ पर्यंत १७,४४७ घरे झाली. १९४९ पासून घरे विकायला काढली, किंमत ७,९९० डॉलर. माजी सैनिकाला सरकारच्या हमीमुळे हातचे काही न भरता महिना ५८ डॉलरांच्या हप्त्यावर घर मिळे. भाड्यापेक्षा हप्ता कमी! कोणीही आनंदाने उडी घ्यावी असाच हा सौदा होता आणि हजारो लोकांनी ती घेतली. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

जाता जाता, आयलंड ट्रीज हे नाव जाऊन लेविटाउन झाले. ज्याने बांधले त्याने आपलेच नाव दिले. काही रहिवाशांना ते रुचले नाही. पण तक्रार नोंदवायला आपली अशी नगरपालिका कुठे होती?

करारनाम्यात नियम पुष्कळ होते. कुंपण घालायचे नाही. शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. हिरवळ दर आठवड्याला कापायची. न कापली तर कंपनीचा माणूस येऊन कापून जाई आणि बिल पाठवी. हे ऐकून हसू येते. पण त्याच करारात आणखी एक कलम होते. गोऱ्या वंशाच्या माणसांखेरीज इतर कोणी या घरात राहता कामा नये, नोकर म्हणून असला तर चालेल, अशा अर्थाचे.

श्रोतेहो, 'गावकुसाबाहेर' हा शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या माणसांना हे कलम समजावून सांगायला नको. इथे कूस मातीची नव्हती, कागदाची होती. युरोपात आणि पॅसिफिक महासागरात त्याच झेंड्याखाली लढून आलेला काळा सैनिक आपल्या बायकोला घेऊन घर बघायला यायचा आणि कचेरीतून परत पाठवला जायचा. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे निर्बंध न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल दिला. १९४९ साली लेविटांनी ते कलम छापायचे बंद केले. मात्र घर नाकारायचे बंद केले नाही. लेखी होते ते तोंडी झाले, एवढाच काय तो फरक. विल्यम लेविट यांचे म्हणणे असे की, आपण काळ्यांना घर दिले तर गोरे येणार नाहीत, धंदा बुडेल. ते स्वतः ज्यू होते आणि ज्यूंनाही त्या काळी कित्येक वस्त्यांत मज्जाव होता. तरीही ते असे म्हणाले, याचे मला दर वेळी नव्याने नवल वाटते. शिवाय सरकारी कर्जहमी देणारे खातेही त्या काळी भेदाच्या बाजूनेच उभे होते, हे विसरता कामा नये. पेनसिल्व्हेनियात याच पेढीने याच नावाची दुसरी वस्ती उभारली. तिथे १९५७ च्या ऑगस्टमध्ये मायर्स नावाचे काळे कुटुंब एका गोऱ्या मालकाकडून घर विकत घेऊन राहायला आले, तेव्हा घरासमोर जमाव जमला आणि दगडफेक झाली. घरविक्रीत आणि भाड्यात असा भेद करायला बंदी घालणारा देशव्यापी कायदा यायला १९६८ साल उजाडले.

यात नुकसान किती झाले? नुसता अपमान मोजून चालणार नाही. ७,९९० डॉलरांचे ते घर आज सहा लक्ष डॉलरांच्या वर जाते. ज्याला तेव्हा ते मिळाले, त्याच्या मुलांचे कॉलेज, म्हातारपण, औषधपाणी त्या घराच्या किमतीवर निभावले. ज्याला नाकारले, त्याच्या नातवंडांना तेवढ्याच मापाचे घर आता सहा लक्षांना घ्यावे लागते. लेविटाउनमध्ये आजही शंभरात जेमतेम एक-दोन माणसे काळी आहेत.

आता कारभाराकडे वळू. या ५२ हजार माणसांचे पोलीस कोणाचे? नॅसॉ काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे. रस्ते, पाणी, बांधकामाची परवानगी? बहुतांशी हेम्पस्टेड टाउनची आणि त्या टाउनची लोकसंख्या सुमारे आठ लक्ष. त्यांत लेविटाउनचा आवाज किती, ते तुम्हीच हिशेब करा. आग लागली तर? तेथील स्वयंसेवक बंब घेऊन धावतात. हे मात्र खरे त्यांचे स्वतःचे. लेविटांनी बांधलेले पोहण्याचे तलाव आहेत, सार्वजनिक वाचनालय आहे. प्रत्येक सोयीची हद्द वेगळी, तिचा कर वेगळा. शेजारी कित्येक वस्त्यांनी रीतसर 'व्हिलेज' होऊन आपापले महापौर निवडले आहेत. एकट्या नॅसॉ काउंटीत अशी ६४ व्हिलेजेस आहेत. काही तर लेविटाउनच्या एका कोपऱ्यात मावतील इतकी लहान. लेविटाउन मात्र वाडीच राहिले. घरांचा एक नकाशा होता, पण गावाची एक हद्द नव्हती; लेविटांची काही घरे तर शेजारच्या वस्त्यांच्या हद्दीत पडली आहेत.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता जरा तुमच्याकडे वळतो. या वस्तीत शाळांचे एक मंडळ नाही. एक लेविटाउनचे, दुसरे आयलंड ट्रीजचे (ते गेलेले जुने नाव शाळेच्या पाटीवर राहिले आहे, बघा) आणि काही घरे तर तिसऱ्याच मंडळाकडे. अमेरिकेत शाळेचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून निघतो. शेजारी कारखाना असेल, मोठा बाजार असेल, तर तोच भरपूर कर भरतो. लेविटाउनात काय? लहान घरे आणि भरपूर मुले! त्यामुळे कराचा दर जास्त आणि तरी मुलामागे खर्चाला पैसा कमी. म्हणून १९७४ साली लेविटाउनच्या शाळा मंडळाने इतर काही मंडळांसह राज्याविरुद्ध दावा लावला. बापाच्या घराची किंमत पाहून मुलाचे शिक्षण का ठरावे, हा त्यांचा प्रश्न. खालच्या न्यायालयात ते जिंकले. जून १९८२ मध्ये राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला: राज्याने पायापुरते चांगले शिक्षण द्यावे, सगळीकडे सारखाच पैसा द्यावा असे राज्यघटना म्हणत नाही. माझ्या मते प्रश्न बरोबर होता. ज्या खेड्यातल्या शाळेचे छप्पर लोकवर्गणीतून शाकारले गेले आहे, तिथल्या गुरुजींना तो आपलाच वाटेल.

त्याच महिन्यात दुसरा एक निकाल लागला, तोही याच वाडीचा. आयलंड ट्रीजच्या शाळा मंडळाने १९७६ साली शाळांच्या वाचनालयांतून आणि अभ्यासक्रमातून नऊ पुस्तके काढून टाकली होती. त्यांत बर्नार्ड मॅलमड यांची 'द फिक्सर' ही कादंबरी होती. काही विद्यार्थी न्यायालयात गेले. होय, विद्यार्थी! प्रकरण थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. तिथे न्यायमूर्तींत पाच विरुद्ध चार अशी फूट पडली आणि पाचांचेही कारणांवर एकमत झाले नाही. पण निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने गेला. केवळ विचार आवडत नाहीत म्हणून मंडळाला शाळेच्या कपाटातून पुस्तके काढता येणार नाहीत, असे मुख्य मतपत्रात म्हटले होते. पुस्तके परत कपाटात गेली. ज्या वस्तीच्या करारनाम्यात कोणी राहावे हे लिहिलेले होते, तिथल्याच मुलांनी काय वाचावे हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेला.

आज तुम्ही तिथे गेलात तर मूळचे घर सापडायला पंचाईत पडेल. एकसारख्या घरांची चेष्टा सगळ्या अमेरिकेने केली. पण लोकांनी माळ्यावर खोल्या काढल्या, बाजूला मोटारीची खोली बांधली, कुंपणेही घातली. कपडे वाळत घालण्यावरून आता कोणी बिल पाठवीत नाही. पेढी १९६८ साली विकली गेली, विल्यम लेविट १९९४ साली वारले.

नगरपालिकेची निवडणूक इथे होत नाही, कारण नगरपालिकाच नाही. पण मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी शाळेचे अंदाजपत्रक मताला टाकले जाते. येत्या वर्षी शाळेसाठी किती पैसा उभा करायचा, यावर रहिवासी स्वतः हो किंवा नाही असे मत देतात आणि मंडळाचे सभासद निवडतात. त्या दिवशी संध्याकाळी कामावरून परतलेली माणसे मुलांच्या शाळेत रांग लावून उभी असतात. पसंत नसेल तर ती अंदाजपत्रक परतही पाठवतात आणि मंडळ ते पुन्हा मांडू शकते.