तेरा दिवसांचा वैमानिक

आज एका पोराविषयी बोलणार आहे. पोरच म्हणायचं, गेला तेव्हा विशीसुद्धा गाठली नव्हती. इंद्रलाल रॉय. जन्म 1898 चा, कलकत्त्याचा. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत.

पहिलं महायुद्ध पेटलेलं. याला ब्रिटिश विमानदळात जायचं, तर डॉक्टर म्हणाले, नजर अधू आहे. पठ्ठ्यानं मोटारसायकल विकली, त्या पैशांत नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि निकाल फिरवून आणला.

डिसेंबर 1917 मध्ये फ्रान्समध्ये त्याचं विमान कोसळलं. मेला समजून शवागारात ठेवलं, शुद्धीवर येऊन यानं आतून दार बडवलं, असं सांगतात. मला त्यात थोडं तिखटमीठ वाटतं. बरा होत असताना मात्र तो कागदावर विमानं काढत बसे. त्यातली बरीच चित्रं आजही शाबूत आहेत. अधू म्हणून नाकारलेली ती नजर!

जून 1918 मध्ये तो 40 व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. विमान होतं एसई-5-ए. एक मशिनगन नाकावर, दुसरी डोक्यावरच्या पंखावर. वरच्या गनमधल्या गोळ्या संपल्या की ती रुळावरून खाली ओढायची, रिकामी चकती काढून भरलेली बसवायची. हे सगळं एका हातानं, उघड्या कॉकपिटमध्ये, बोचऱ्या वाऱ्यात, आणि मागून शत्रू येतोय का ते बघत. पॅराशूट नाहीच, ब्रिटिश वैमानिकांना ते दिलेलंच नव्हतं.

6 ते 19 जुलै, या तेरा दिवसांत त्याच्या नावावर दहा विमानं लागली, त्यातली दोन साथीदारांसह. 8 जुलैला तर चार तासांत तीन. 22 तारखेला कार्व्हिनच्या आकाशात जर्मन फोकर विमानांशी झुंजताना तो पडला. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला तो सप्टेंबरात.



इंद्रलालचा भाचा तेव्हा सात वर्षांचा होता. सुब्रतो मुखर्जी त्याचं नाव. पुढे 1954 मध्ये तोच भारताच्या हवाई दलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. मामा मात्र उत्तर फ्रान्समधल्या एस्तेव्हेल गावच्या दफनभूमीत आहे. तिथल्या त्याच्या दगडावर बंगाली अक्षरं कोरलेली आहेत.