जबड्याचे दुखणे



कान दुखला की आपण कानात तेल सोडतो. पण कधी कधी ते दुखणे कानाचे नसून जबड्याच्या सांध्याचे असते. तिथे तेल काय करणार? कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा. हलतो तोच हा सांधा. हे दुखणे पुरुषांपेक्षा बायकांत अधिक आढळते. भाकरी चावताना कळ येते, कानशिले ठणकतात, सकाळी जबडा आखडतो. मग बाई मुकाट्याने भाकरी दुधात कुस्करून खाते आणि घरात कोणाला पत्ताही नसतो.

नुसता कटकट आवाज होत असेल तर घाबरू नये. दुखत असेल तर काही दिवस मऊ खावे, सुपारी बंद करावी, गरम कापडाने शेकावे. काम करताना ओठ मिटलेले पण दात सुटे असावेत. बहुतेक दुखणी एवढ्याने निवतात. तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावेनाशी झाली किंवा जबडा अडकला, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. जिना चढताना जबडा दुखून धाप लागली, तर ते हृदयाचेही असू शकते. तेव्हा थेट इस्पितळ गाठावे.

आपले दुखणे घरात बोलून दाखवा.