नदीपलीकडचे दोन दिवस

ज्या अदृश्य लहरींवरून माझा आवाज या क्षणीं आपल्या घरांत येऊन पोंचत आहे, त्या लहरींचें अस्तित्व हाइन्रिख हर्ट्झ या शास्त्रज्ञानें १८८६ ते १८८८ या काळांत प्रयोगानें सिद्ध केलें, तें जर्मनींतील कार्लस्रूह या गांवीं. पुढें बिनतारी संदेशाच्या विद्येबद्दल १९०९ सालीं मार्कोनीबरोबर ज्याला नोबेल पारितोषिक वांटून मिळालें, तो फर्डिनांड ब्राउन स्ट्रासबर्गच्या विद्यापीठांत अध्यापक होता. हीं दोन शहरें एकमेकांपासून फार दूर नाहींत. ब्राउन तेथें शिकवीत असतां दोन्ही एकाच साम्राज्यांत होतीं. आज कार्लस्रूह जर्मनींत आहे, स्ट्रासबर्ग फ्रान्समध्यें आहे, आणि मधल्या ऱ्हाइन नदीवरून दोन राष्ट्रांची सीमा गेली आहे. ही सीमा ओलांडून दोन दिवसांकरितां पलीकडे जाऊन आलेल्या एका विद्यार्थिनीची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

ही विद्यार्थिनी म्हणजे माझी पुतणी. ती कार्लस्रूह येथें उच्च शिक्षण घेत आहे. शनिवार-रविवारची सुटी साधून आपण एका जर्मन मैत्रिणीबरोबर स्ट्रासबर्ग पाहून आलों, असें तिनें घरीं कळविलें, तेव्हां माझ्या धाकट्या बंधूंच्या कपाळाला आठी पडली. "कर्ज काढून पाठविलें तें शिकण्यासाठीं, गांवें पाहण्यासाठीं नव्हे," असें ते म्हणाले. बंधु कांहीं कृपण नव्हेत. परंतु कर्जाचा हप्ता ज्याला भरावा लागतो, त्याला असें म्हणण्याचा अधिकार आहे. मी मॅट्रिकच्या पुढें शिकलों नाहीं, आणि परदेश पाहिला तो भिंतीवरच्या नकाशांत. मात्र माझा सारा जन्म मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यांत गेला. म्हणून "सविस्तर लिही" असें मीं तिला कळविलें. तिचें जें लांबलचक पत्र आलें, त्याच्याच आधारानें मी बोलत आहें.

खर्च बेताचा व्हावा म्हणून दोघी साध्या गाडीनें जर्मन कांठावरच्या केल या गांवीं उतरल्या. मुक्कामहि त्यांनीं तेथेंच केला. कारण तिकडे खोली स्वस्त पडते. केलहून स्ट्रासबर्गला चक्क ट्राम जाते. २०१७ सालीं नदीवर नवा पूल होऊन हा मार्ग सुरू झाला. ट्राममध्यें शेजारच्या बाकावर एक बाई सामानाच्या दोन पिशव्या संभाळीत बसल्या होत्या. त्या राहावयास फ्रान्समध्यें. पण साबण, दंतमंजन असल्या जिनसा जर्मनींत कमी किंमतीला मिळतात, म्हणून बाजार करावयाला त्या ऱ्हाइनपार जातात. पुतणी लिहिते, "काका, ज्या नदीसाठीं एवढ्या लढाया झाल्या, ती ओलांडून बायका साबण आणतात!"

शहराच्या मध्यभागीं तांबूस वालुकाश्माचें थोरलें प्रार्थनामंदिर आहे. त्याचें शिखर १४२ मीटर उंच, म्हणजे कुतुबमिनाराच्या जवळजवळ दुप्पट. तें १४३९ सालीं पुरें झालें, आणि १६४७ पासून १८७४ पर्यंत मनुष्यानें बांधलेली जगांतील सर्वांत उंच वास्तु म्हणून त्याची गणना होती. दुसरें शिखर बांधावयाचें राहिलें तें राहिलेंच. त्यामुळें दुरून पाहतां मंदिरानें एकच हात वर केल्यासारखा दिसतो. दोघी ३३२ पायऱ्या चढून ६६ मीटर उंचीवरच्या गच्चीवर गेल्या. जर्मन महाकवि गटे १७७० सालीं कायदा शिकण्याकरितां या शहरीं आला, तेव्हां त्याला उंचीचें भय वाटे. तें घालविण्यासाठीं तो मुद्दाम एकटा या मनोऱ्यावर चढत असे, असें त्यानें आपल्या आत्मवृत्तांत सांगितलें आहे. परगांवीं शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा अभ्यास वर्गाबाहेरहि चालतो, याचें हें चांगलें उदाहरण होय.

गच्चीवरून पूर्वेस ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर दिसतात, पश्चिमेस व्होज पर्वत दिसतो, आणि मध्यें ऱ्हाइनचें सपाट खोरें पसरलेलें आहे. गट पर्वत आणि खचदरी यांचें उदाहरण म्हणून हींच तीन नांवें आम्ही वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों. पत्रांतील तो भाग मीं दोनदां वाचला.

मंदिरांत एक खगोलयंत्र आहे. सध्याचें यंत्र जां-बातिस्त श्विल्गे यानें १८४२ सालीं चालू केलें. दुपारीं साडेबारा वाजतां येशूच्या बारा शिष्यांच्या मूर्ति एकामागून एक पुढें सरकतात आणि वरचा कोंबडा पंख हालवून आरवतो. बाराऐवजीं साडेबारा कां, असें पुतणीनें विचारलें. मैत्रीण म्हणाली, "हें घड्याळ सरकारच्या वेळेप्रमाणें चालत नाहीं, येथल्या सूर्याप्रमाणें चालतें. त्याचे बारा आतां वाजले." श्रोत्यांपैकीं जे वृद्ध असतील, त्यांना आपली मुंबईची वेळ आठवेल. हिंदुस्थानच्या प्रमाणवेळेहून ती ३९ मिनिटें मागें असे, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती नेटानें टिकून होती. राज्यें वेळ ठरवितात, परंतु गांवाचा सूर्य आपल्याच वेळीं माथ्यावर येतो.

संध्याकाळीं पाव घेण्यास दोघी एका जुन्या दुकानांत गेल्या. पुतणीला फ्रेंच येत नव्हतें, मैत्रिणीला बेताचेंच येत होतें. तिनें अडखळत दोन वाक्यें जुळविलीं, तोंच दुकानांतल्या आजीबाई हंसून आपल्या घरगुती बोलींत बोलूं लागल्या, आणि मैत्रीण चकित झाली. ती मूळची नदीअलीकडच्या, फ्रायबर्गजवळच्या खेड्यांतली. आजीबाईंची आल्सेसी बोली आणि तिच्या आजीची बोली यांत फारच थोडा फरक होता. नदीच्या दोन्ही कांठीं एकच बोली पूर्वापार नांदत आली होती.

आतां या शहराचा इतिहास थोडक्यांत सांगतों. १६८१ सालीं फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें तें घेतलें. १८७० सालीं जर्मनांनीं वेढा घालून तें जिंकलें व १८७१च्या तहानें तें जर्मनीचें झालें. १९१८ सालीं फ्रान्सचें, १९४० सालीं पुनः जर्मनीचें, आणि १९४४च्या नोव्हेंबरांत पुनः फ्रान्सचें! १८७० पूर्वीं जन्मलेल्या आणि दीर्घायुषी झालेल्या मनुष्याचें राष्ट्र, त्यानें उंबरठाहि न ओलांडतां, चार वेळां बदललें. १९४० नंतर फ्रेंच भाषेला बंदी झाली, रस्त्यांचीं नांवें बदललीं, इतकेंच नव्हे तर माणसांचीं नांवेंहि जर्मन वळणाचीं करण्यांत आलीं. आज जुन्या भागांतल्या रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंच आणि आल्सेसी अशीं दोन नांवें शेजारीं शेजारीं वाचावयास मिळतात. पाठ्यपुस्तकांत या साऱ्याला दोन ओळी मिळतात, कारण जागाच तेवढी असते.

रविवारीं दुकानें बंद होतीं. मैत्रीण म्हणाली, "मला एके ठिकाणीं जावयाचें आहे. तूं येतेस?" ती तिला रिपब्लिकच्या चौकांत घेऊन गेली. जर्मन अमदानींत हाच चौक कैसरच्या नांवानें ओळखला जाई. तेथें १९३६ सालीं उभारलेलें एक युद्धस्मारक आहे. शिल्पकार द्रिविए यानें त्यांत एक आई आणि तिचे दोन मरणोन्मुख पुत्र दाखविले आहेत. एक फ्रान्ससाठीं पडला, दुसरा जर्मनीसाठीं. पण त्यांच्या अंगावर वस्त्र नाहीं, गणवेष नाहीं. त्यामुळें कोणता कोणत्या सैन्यांतला हें पाहणाऱ्याला सांगतां येत नाहीं. दोघांचे हात एकमेकांच्या हातांत आहेत. खालीं कोरलेल्या अक्षरांत मेलेल्यांना 'आमचे' म्हटलें आहे. ते कोणत्या देशासाठीं मेले याचा उच्चार नाहीं. फ्रान्समधल्या इतर गांवीं तो असतो. येथें तो करणें शक्यच नव्हतें. पहिल्या महायुद्धांत आल्सेसचे बहुतेक तरुण जर्मन सैन्यांत लढले, तर कांहीं निसटून फ्रान्सच्या बाजूनें लढले. आणि हें स्मारक होऊन सहा वर्षें लोटतात न लोटतात तोंच, १९४२ पासून, आल्सेस व शेजारचा मोझेल या भागांतून सुमारें १,३०,००० माणसें जर्मन सैन्यांत जबरीनें भरती करण्यांत आलीं. त्यांतलीं हजारों परत आलीं नाहींत.

मैत्रीण बराच वेळ स्तब्ध होती. मग म्हणाली, "आमच्या गांवच्या स्मारकावर माझ्या आजोबांच्या चुलत्याचें नांव आहे. तो १९४४च्या हिवाळ्यांत इकडेच, आल्सेसमध्यें पडला. घरीं त्याचा विषय निघाला कीं सगळे गप्प होतात. कारण तो येथें कशासाठीं आला होता, हें सर्वांना ठाऊक आहे. शाळेंतून मी या शहरीं दोन वेळां आलें, पण घड्याळ पाहून परत गेलें. येथें एकटीनें येण्याचें धैर्य झालें नाहीं."

पुतणी लिहिते, "काका, तिला सांगण्यासारखें माझ्याजवळ कांहीं नव्हतें. मी तिच्याजवळ उभी राहिलें, एवढेंच. ट्राम पुलावर आल्यावर ती म्हणाली, आतां घरीं गेल्यावर आजोबांना विचारीन."

श्रोतेहो, पुतणी एकटी गेली असती तर तिला एक सुंदर शिल्प दिसलें असतें, आणि तिनें त्याचें छायाचित्र पाठविलें असतें. मैत्रीण एकटी असती तर ती तेथें गेलीच नसती. परक्या देशांतून आलेली, कोणत्याच पक्षाची नसलेली मुलगी बरोबर होती, म्हणून तिला आपल्या घरांतली मुकी गोष्ट बोलतां आली. आणि ही मुलगी बोलली, म्हणून दुसरीला त्या दगडाचा अर्थ कळला. प्रवासांत सोबत ही चोराचिलटांच्या भयानें करावयाची वस्तु आहे, असें आपण समजतों. सोबतीचा खरा उपयोग हा आहे.

ज्यांचीं मुलें परदेशीं शिकत आहेत, त्यांना माझें सांगणें इतकेंच कीं, दोन दिवसांच्या अशा प्रवासाचा खर्च अभ्यासाच्या खर्चांतच धरावा. मुलांनाहि दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. दोन दिवसांत पांच शहरें पाहूं नयेत. एकच पाहावें, आणि तें पायीं पाहावें. बरोबर शक्य तर त्या मातीचा मित्र न्यावा, खर्चाचा हिशोब रोज रात्रीं निम्मेनिम करून मोकळें व्हावें, आणि दुसऱ्या दिवसाचा एक प्रहर कांहींहि न ठरवितां ठेवावा. मित्राला जें दाखवावयाचें असतें, पण एरवीं दाखविण्याचें धैर्य होत नाहीं, तें त्या प्रहरांत दिसतें.

१९४९ सालीं युरोपांतील राष्ट्रांची परिषद स्थापन झाली, तेव्हां तिच्या बैठकीसाठीं याच शहराची निवड झाली. राष्ट्रांनीं एकत्र बसण्यास अशी जागा निवडावी हें योग्यच होय. पण त्या रविवारीं त्या चौकांत दोन मुली एकमेकींशेजारीं उभ्या राहिल्या, तीहि माझ्या मतें एक परिषदच होती. आणि तिला लागला तो दोन माणसांच्या ट्रामच्या तिकिटाचा खर्च.