मधला स्पीकर

आपल्या हॉलमधल्या सिनेमात मारामारी दणक्यात ऐकू येते, संवाद मात्र ज्येष्ठांना कळत नाहीत. मग आवाज वाढवायचा, की वर दहावीची पोरं वैतागली! आता ५.१ करायचं ठरतंय. त्यात बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. स्वस्त मिळतो म्हणून कुठलाही आणू नका. पडद्यावर चालणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच पालटतो. आपल्या डाव्या-उजव्या स्पीकरच्याच कंपनीचा, त्याच सिरीजचा बघा. सिरीज बंद झाली असेल तर निदान ट्वीटर तरी तसाच हवा. पडद्याखाली ठेवलात तर तोंड किंचित वर, कानांकडे करा. रिसीव्हरच्या टेस्ट टोनवर तिघांची पातळी सारखी लावा. मागचे दोन पुढच्या वर्षी घेतले तरी चालतील, बरं का.