विमानातील आर्मरेस्ट आणि समान संधीचा प्रश्न



विमान वाहतुकीच्या विकासाचा विषय निघाला की धावपट्ट्या, विमानतळ, इंजिने आणि इंधनाचे दर यांची चर्चा होते. आसनाच्या बाजूला असलेल्या आर्मरेस्टची चर्चा सहसा होत नाही. तिची लांबी जेमतेम हातभर. पण अनेक प्रवाशांच्या दृष्टीने विमानप्रवास सन्मानाचा होणार की अवमानाचा, हे या लहानशा भागावर अवलंबून असते. बंगळुरूसारख्या विमाननिर्मितीच्या केंद्रात आणि अभियांत्रिकी व लोकप्रशासन यांचा अभ्यास करणाऱ्यांसमोर हा विषय मांडण्याचे प्रयोजन एवढेच की, तंत्रज्ञान आणि सामाजिक न्याय यांची गाठ किती लहान वस्तूत पडते ते लक्षात यावे.

प्रश्नाचे स्वरूप

कमरेखालच्या भागात शक्ती नसलेला प्रवासी स्वतःच्या चाकाच्या खुर्चीतून विमानाच्या दारापर्यंत येतो. ही खुर्ची आसनांच्या रांगांमधील वाटेतून, म्हणजे मार्गिकेतून, जाऊ शकत नाही. म्हणून त्याला एका अरुंद खुर्चीवर बसवून त्याच्या रांगेपर्यंत नेले जाते. तेथून आसनावर सरकायचे असते आणि मध्ये उभी असते ती मार्गिकेकडील आर्मरेस्ट. ती वर उचलता आली तर खुर्ची आणि आसन यांच्यामध्ये अडथळा राहत नाही. प्रवासी स्वतःच्या हातांच्या बळावर किंवा गुळगुळीत फळीच्या आधाराने बाजूला सरकतो. ती पक्की बसवलेली असेल, तर दोन कर्मचारी त्याच्या काखेत आणि गुडघ्यांखाली हात घालून त्याला तिच्यावरून उचलतात.

या उचलण्यात तीन हानी संभवतात. ज्याच्या पायांना संवेदना नाही त्याला खरचटल्याचे किंवा मार लागल्याचे कळत नाही आणि अशी जखम पुढे चिघळू शकते. उचलणाऱ्या कर्मचाऱ्याला अरुंद जागेत वाकून भार पेलावा लागतो, त्यामुळे त्याच्या पाठीवर ताण येतो. तिसरी हानी मोजता येत नाही. भरलेल्या विमानात सर्वांच्या देखत एखाद्या सामानाप्रमाणे उचलले जाणे कोणालाही नको असते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे ५४ लाखांना हालचालीशी संबंधित अपंगत्व होते. वृद्ध, संधिवाताचे रुग्ण आणि शस्त्रक्रिया झालेले प्रवासी यांचा या आकड्यात समावेश नाही. आर्मरेस्ट उचलता आली तर त्यांनाही लाभ होतो.

'सरासरी माणूस' नावाचा भ्रम

आसनाची रचना कोणाच्या शरीरासाठी करावी, हा पहिला प्रश्न होय. सरासरी माप घेतले की बहुतेकांचे काम भागेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकी हवाई दलातील संशोधक गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ वैमानिकांची मापे तपासून १९५२ मध्ये निष्कर्ष मांडला. निवडलेल्या दहाही मापांत सरासरीच्या आसपास असलेला एकही वैमानिक त्यांना आढळला नाही. समायोजित होणारी आसने आणि पट्टे यांच्या विचाराला या निष्कर्षाने बळ मिळाले.

आर्मरेस्टच्या बाबतीत महत्त्वाचे माप म्हणजे बसलेल्या माणसाच्या कोपराची आसनापासूनची उंची. अमेरिकी लष्कराच्या १९८८ च्या मापनात ही उंची बहुसंख्य व्यक्तींत सुमारे १८ ते २७ सेंटिमीटर आढळली. म्हणजे एकाच उंचीच्या आर्मरेस्टवर एकाचे खांदे वर ढकलले जातात, तर दुसऱ्याला आधारासाठी एका बाजूला झुकावे लागते. हे माप माणसाच्या एकूण उंचीवरून ठरत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. ते धडाची लांबी आणि दंडाची लांबी यांच्या फरकातून येते. उंच माणसाचे कोपर बसल्यावर ठेंगण्या माणसाच्या कोपरापेक्षा खालीही असू शकते. म्हणूनच समायोजनाला पर्याय नाही.

मापेही आपल्या लोकांची हवीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रबर्ती यांचा भारतीय शरीरमापांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. आयात केलेल्या आराखड्यातील मापे तशीच उचलण्यापेक्षा अशा माहितीचा आधार घेणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते.

रचनेचे तीन प्रकार

समायोजित आर्मरेस्ट तीन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात ती मागच्या टोकाला असलेल्या बिजागरीभोवती फिरून पाठीच्या रेषेत वर जाते. दोन आसनांमधील आर्मरेस्ट बहुधा अशीच असते. मार्गिकेकडील आर्मरेस्ट मात्र खटक्याने अडवलेली असते आणि तो सोडवण्याची कळ बहुधा खालच्या बाजूला, बिजागरीजवळ, चटकन न दिसणाऱ्या जागी असते. दुसऱ्या प्रकारात ती खाली जाऊन आसनाच्या पातळीला येते. ही सोय पलंगाप्रमाणे आडव्या होणाऱ्या महागड्या वर्गातील आसनांत आढळते. तिसऱ्या प्रकारात तिची उंची थोडीथोडी कमीजास्त करता येते.

पहिला प्रकार सर्वांत साधा आणि हलका आहे. तथापि पहिल्या रांगेत समोर आसन नसल्यामुळे जेवणाची घडीची फळी आर्मरेस्टच्या पोटात ठेवतात आणि मग ती आर्मरेस्ट उचलता येत नाही. पाय पसरण्यास मोकळी जागा असलेली हीच रांग अपंग प्रवाशाला सोयीची वाटते; पण बसताना अडचण तेथेच येते.

सुरक्षेची बंधने

विमानातील कोणतीही वस्तू केवळ सोयीसाठी बनवता येत नाही. १९८८ पासून लागू झालेल्या अमेरिकी नियमांनुसार मोठ्या प्रवासी विमानांच्या नव्या रचनांत आसनाला गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट पुढील दिशेचा आणि १४ पट खालच्या दिशेचा आघात सहन करावा लागतो. ७५ किलो वजनाच्या प्रवाशाचा भार १६ पट आघातात क्षणभर १,२०० किलोइतका होतो. अशा वेळी आसन मुळापासून सुटता कामा नये. तसेच ते इतके वाकताही कामा नये की बाहेर पडण्याची वाट अडेल. हलणाऱ्या आर्मरेस्टची बिजागरी आणि खटका या कसोटीला उतरले पाहिजेत. तिच्यावरील आवरणाला ज्वलनरोधाच्या चाचण्याही द्याव्या लागतात.

दुसरे बंधन मार्गिकेच्या रुंदीचे. वीस किंवा अधिक प्रवाशांच्या विमानात जमिनीपासून ६४ सेंटिमीटर उंचीपर्यंत मार्गिका किमान ३८ सेंटिमीटर आणि त्याच्या वर किमान ५१ सेंटिमीटर रुंद असावी लागते. आसनाची बैठक सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीवर धरली, तर तिच्यापासून १९ सेंटिमीटर वर हीच सीमा येते. म्हणजे मार्गिकेकडील आर्मरेस्ट त्याहून उंच केली की तिला अधिक रुंदीचा नियम लागू होतो. त्यामुळे उंची वाढवण्याचे स्वातंत्र्य आतल्या आर्मरेस्टना अधिक आणि मार्गिकेकडील आर्मरेस्टला कमी असते. उचललेली आर्मरेस्टही पाठीच्या रुंदीबाहेर डोकावता कामा नये. कारण चव्वेचाळीसहून अधिक आसनांच्या विमानातून, निम्मीच दारे उपलब्ध असताना, सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात हे निर्मात्याला सिद्ध करावे लागते.

तिसरे बंधन वजनाचे. समजा, १८० आसनांच्या विमानात तीन-तीन आसनांचे ६० संच आहेत आणि प्रत्येक संचाला चार आर्मरेस्ट आहेत. बिजागरी आणि खटक्यामुळे प्रत्येकीचे वजन १५० ग्रॅमने वाढले असे मानू. सर्व २४० आर्मरेस्ट बदलल्या तर ३६ किलो भार वाढेल. मार्गिकेकडील साठांपैकी निम्म्याच, म्हणजे ३० बदलल्या तर वाढ साडेचार किलोची होईल. ती एका प्रवाशाच्या हातातील पिशवीच्या वजनाहून फारशी अधिक नाही. खर्चाच्या नावाखाली ही सोय नाकारणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

कायद्याची वाटचाल

अमेरिकेने १९८६ मध्ये अपंग प्रवाशांबाबत भेदभाव रोखणारा हवाई वाहतूक कायदा केला. त्याखालील १९९० च्या नियमांनी तीस किंवा अधिक आसनांच्या नव्या विमानांत मार्गिकेलगतच्या किमान निम्म्या आसनांना हलवता येणाऱ्या आर्मरेस्ट बंधनकारक केल्या. ज्या रांगांत सुरक्षेच्या कारणास्तव असे प्रवासी बसू शकत नाहीत त्या वगळण्यात आल्या. अशी आसने नेमकी कोठे आहेत ही माहिती प्रवाशाला सहज मिळाली पाहिजे, ही अटही नियमांत आहे. कारण लपलेल्या कळीची माहिती कोणालाच नसेल, तर ती सोय असून नसल्यासारखीच.

भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास ऑक्टोबर २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. त्याला अनुसरून झालेला २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४१ नुसार वाहतुकीची सर्व साधने सुगम असावीत आणि तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित व आर्थिकदृष्ट्या परवडणारे असेल तेथे जुन्या साधनांतही बदल करावेत, अशी अपेक्षा आहे. याच सुमारास, मे २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने जीजा घोष खटल्याचा निकाल दिला. मेंदूच्या पक्षाघाताचा विकार असलेल्या श्रीमती घोष यांना २०१२ मध्ये कोलकाता येथे विमानातून उतरवण्यात आले होते. न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई मंजूर केली. हा खटला आसनाविषयी नव्हता. परंतु अपंग प्रवाशाची प्रतिष्ठा हा कृपेचा नव्हे तर हक्काचा विषय आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९३४ च्या विमान कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला. विमानांच्या निर्मितीबरोबर त्यांच्या आरेखनाचे नियमनही या कायद्याने आपल्या कक्षेत घेतले. कायद्यात आरेखनाला स्थान मिळाल्यामुळे सुगमतेची अट आराखड्याच्या टप्प्यावरच घालणे आता अधिक सोपे व्हावे.

बंगळुरूची जबाबदारी

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली. कोल्हापूर परिसरातून आलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तेथे आरेखित झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. १९५७ पासून हवाई दलाची वैमानिकीय वैद्यक संस्था येथे कार्यरत आहे. राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे चौदा आसनी 'सारस' २९ मे २००४ रोजी प्रथम झेपावले. मार्च २००९ मधील दुर्घटनेत तीन अधिकाऱ्यांचे प्राण गेले आणि कार्यक्रम थांबला. पुढे २०१८ मध्ये सुधारित विमानाचे उड्डाण झाले आणि एकोणीस आसनी रूपाची आखणी हाती घेण्यात आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने रशियन कंपनीशी एसजे-१०० या प्रवासी विमानाच्या भारतातील उत्पादनासाठी सामंजस्य करार केला.

म्हणजे विमानविद्या, शरीरविज्ञान आणि आरेखन यांचे ज्ञान या एकाच नगरात उपलब्ध आहे. 'उडान' योजनेमुळे २०१७ पासून नांदेडसारख्या शहरांतूनही प्रादेशिक विमानसेवा सुरू झाल्या. अशा मार्गांवरील विमाने लहान असतात. तीस आसनांची अमेरिकी मर्यादा जशीच्या तशी स्वीकारली तर एकोणीस आसनी विमानातील प्रवासी तिच्या संरक्षणाबाहेर राहील. लहान शहरातल्या अपंग नागरिकाला मोठ्या रुग्णालयापर्यंत किंवा मुलाखतीच्या ठिकाणापर्यंत नेणारे विमान कदाचित तेच असेल. भारतीय नियमांनी ही मर्यादा आपल्या गरजेनुसार ठरवावी आणि भारतीय आरेखकांनी नियमाची वाट पाहू नये.

तयार आसनात बिजागरी नंतर बसवायची म्हटली तर चाचण्या नव्याने कराव्या लागतात, प्रमाणपत्र नव्याने घ्यावे लागते आणि खर्च वाढतो. आराखडा कागदावर असताना तीच बिजागरी जवळजवळ विनासायास सामावते. सार्वत्रिक आरेखनाचे तत्त्व ते हेच. रस्ता, कार्यालय, बस किंवा परीक्षा केंद्र यांनाही ते तितकेच लागू पडते. उद्या प्रशासनात जाणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर एखाद्या प्रकल्पाचा आराखडा मंजुरीसाठी येईल, तेव्हा वाटेत आडवी येणारी वस्तू उचलता येते का, एवढा प्रश्न त्यांनी स्वाक्षरीपूर्वी विचारावा.