ओझं कोणी उचलायचं?

धुळे-नंदुरबारहून आणि सीमेपलीकडच्या गुजरातेतून आलेल्या अभियंता, वास्तुविशारद आणि गवंडी मित्रांनो,

गवंड्यांचं नाव मुद्दाम घेतलं. जुन्या भिंतीचं दुखणं आपल्या नकाशाआधी त्यांच्या थापीला कळतं, आणि आपल्या संमेलनांत मात्र त्यांना मागच्या रांगेत बसवतात.

ऐतिहासिक वास्तू नव्या कार्यालयांच्या आणि हॉटेलांच्या संकुलात कशी सामावून घ्यावी, हा यंदाचा विषय. पत्रिका पाहून एका स्नेह्यांनी विचारलं, "अक्कलकुव्यात हा विषय कशाला? इथे कुठे ताजमहाल हॉटेल आहे?" नाही, पण सीमेपलीकडे केवडिया आहे. २०१८ मध्ये तिथे १८२ मीटर उंच पुतळा उभा राहिला आणि त्याच्याभोवती हॉटेलं, तंबूंची वस्ती, वाहनतळ वाढत गेले. पर्यटक आज तिथून माघारी फिरतो. उद्या तो मोलगीच्या घाटात येईल, आणि त्याच्यामागे बांधकाम कंपन्याही येतील. तेव्हा बोलण्यापेक्षा आज बोललेलं बरं.

मुंबईत काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन आहे, मूळचं वॉटसन हॉटेल. १८६०च्या दशकात त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, सुटा करून जहाजाने आणला आणि इथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. पुढे हॉटेल बंद पडलं, खोल्यांचे तुकडे पडले, न्यायालय जवळ म्हणून वकिलांनी कार्यालयं थाटली. म्हणजे हॉटेल आणि कार्यालय, आपल्या विषयातले दोन्ही उपयोग त्या सांगाड्याने भोगले आहेत. त्याला जड गेलं ते वरून चढवलेलं: आडव्यातिडव्या भिंती, पोटमाळे, गळके नळ. भाडं इतकं तुटपुंजं की मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि भाडेकरूला ती आपली वाटेना. २००५ मध्ये एक भाग कोसळून एकाचा जीव गेला, २०१९ मध्ये इमारत रिकामी केली.

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरचं मिडलँड ग्रँड हॉटेल याच पिढीतलं, १८७३चं. देखणं, पण न्हाणीघरं मोजकी, आणि जाडजूड भिंती-फरशांतून नवे नळ न्यायचे कसे हा प्रश्न. १९३५ मध्ये ते बंद झालं आणि तिथे रेल्वेची कार्यालयं आली. २०११ मध्ये पुन्हा हॉटेल सुरू करणाऱ्यांनी एक शहाणपण केलं. बहुतेक खोल्या मागे बांधलेल्या नव्या भागात ठेवल्या. भव्य जिना, मोठी दालनं, रस्त्याकडचं रूप जुन्याकडे राहिलं आणि गर्दीचा भार नव्याने घेतला.

माझं म्हणणं एवढंच आहे: जोड घालताना ओझं नव्या इमारतीने उचलावं. लिफ्ट, भटारखाना, पाण्याच्या टाक्या, वातानुकूलन, आगीच्या वेळी पळायचा जिना, सगळं नव्यात. जुन्या वास्तूला झेपेल तेवढंच काम द्यावं. तेरेखोलच्या किल्ल्यात हॉटेल चालत होतं तेव्हा खोल्या सातच, त्यांना सात वारांची नावं. आठवा वार कुठून आणणार?

लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी मॉल, कार्यालयं आणि पंचतारांकित हॉटेल यांच्या गराड्यात उभी आहे. पाडली नाही हे चांगलंच. पण चिमणीवर काही भार नाही आणि तिला कामही नाही. गिरणीच्या खात्यात आयुष्य घालवलेला माणूस आज तिच्या सावलीत एक कप चहा घेऊ शकत नसेल, तर राखलं काय, हे मला विचारावंसं वाटतं. त्याच परिसरात, कमला मिलच्या आवारात, २९ डिसेंबर २०१७च्या रात्री गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागून १४ जण गेले. नवा धंदा जुन्या आवारात घुसवताना वाट अडते, आणि ती अडल्याचं फार उशिरा कळतं.

आता थोडं हातातल्या कामाचं. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारू नका. आत शिरलेली ओल कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटतात, भिंतीत रोवलेली तुळईची टोकं कुजतात. पूर्वी चुना घाण्यात मळताना गूळ, हिरडा, बेलफळ घालत. तो खटाटोप हौसेचा नव्हता, चुन्याने घट्ट धरावं आणि पाणी कमी प्यावं म्हणून होता. शेजारी तळघर खणणार असाल तर आधी जुना पाया किती उथळ आहे ते खड्डा घेऊन पाहा. पंप लावून पाणी उपसलं की माती बसते आणि मग भेग पडते. भेगेवर आडवी काचेची पट्टी चुन्याने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. काच तडकली की काम थांबवा. दोन-चार रुपयांची ती पट्टी मोठ्या सल्लागाराच्या अहवालाआधी खरं सांगते.

आपल्याकडे जपायचं आहे ते नेहमी दगडात नसतं. सागाचे खांब, कुडाच्या भिंती, कौलं हे इथलं घर. काठी संस्थानाची राजवाडी होळी तर मोकळ्या जमिनीवर असते. रात्रभर ढोल चालतो, बावा-बुध्या नाचतात, पहाटे होळी पेटते. त्या माळालगत हॉटेल आलं आणि कुंपण पडलं, तर तिथे इमारत पाडल्याची नोंदसुद्धा होणार नाही. मणिबेलीचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं आणि गुजरातेत गोऱ्याला नवं बांधलं. इजिप्तमध्ये अबू सिंबेलची मंदिरं धरणाच्या पाण्यातून वाचवायला कापून, उचलून वर नेली होती. आपल्या वाट्याला नवं बांधकाम आलं. देव गेले तिकडे, नदीकाठची माणसं मात्र पुनर्वसनाच्या गावांत पांगली.

आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४चे नियम यांनी ग्रामसभेला बोलायचा अधिकार दिला आहे. म्हणून दुपारच्या सत्रात येणाऱ्या ठरावात माझी एक दुरुस्ती घ्यावी: हॉटेलचा किंवा कार्यालयाचा आराखडा सादर करताना जत्रेची वाट, होळीचा माळ, देवस्थान आणि पाणवठा त्यावर दाखवलेले असावेत, त्या खुणा गावाने ग्रामसभेत तपासाव्यात, आणि तोवर आपल्यापैकी कोणी त्यावर सही करू नये. मसुदा मराठीत आहे, भिलीतही व्हावा. ते काम इथल्या तरुण शिक्षकांनी घ्यावं अशी त्यांना विनंती आहे.